मलयमध्ये ‘का’ कुठे ठेवायचा

क्वालालंपूर

प्रिय मंदार,

इकडे येण्याआधी मलयमधले चार प्रश्न जिभेवर बसव. आपल्या ‘का’ला तिथे काय म्हणतात आणि तो कुठे बसतो, एवढं कळलं की निम्मं काम होतं.

‘पाणी आहे का?’ म्हणजे ‘आदा आएर ताक्?’ आदा म्हणजे आहे, आएर म्हणजे पाणी, ताक् म्हणजे का. शेवटचा क् उच्चारू नकोस; घसा क्षणभर आवळून ‘ता’वरच थांब. ‘बोलेह ताक्?’ म्हणजे ‘चालेल का?’ उत्तर आपल्यासारखंच क्रियापदाने द्यायचं: ‘आदा’, ‘बोलेह’. पण हाच ताक् आधी आला की नकार होतो. ‘ताक् बोलेह’ म्हणजे चालणार नाही! आपल्याकडे ‘येतोस का?’ आणि ‘का येतोस?’ यांत जागेनेच अर्थ फिरतो, तसंच हे.

नकार दोन आहेत, आणि मराठी माणसाला ते सहज कळावेत. क्रियापदाला तीदाक् (बोलताना ताक्), नामाला बूकान. आपलं नाही आणि नव्हे. ‘बूकान तेह, कोपी’ म्हणजे चहा नव्हे, कॉफी. ‘सुदाह माकान?’ म्हणजे जेवलास का? अजून जेवला नसशील तर ‘ताक्’ म्हणू नकोस, ‘बलूम’ म्हण, म्हणजे ‘अजून नाही’. लग्नाबद्दल विचारलं तरी अविवाहिताचं उत्तर बलूमच.

आपण हमखास चुकतो ते ‘कुठे’मध्ये. ‘कुठे आहेस’ आणि ‘कुठे चाललास’ दोन्हीकडे आपला एकच शब्द. मलयमध्ये असण्याला ‘दि माना’, जाण्याला ‘क माना’, येण्याला ‘दारी माना’ (कुठून). स्वच्छतागृह शोधताना ‘तान्दास दि माना?’ एवढंच पुरे, ‘आहे’ची गरज नाही.

नाव विचारताना ‘आपा’ (काय) नव्हे, ‘सिआपा’ (कोण) वापर: ‘सिआपा नामा अन्चिक?’ अन्चिक हे पुरुषाला आदरार्थी, बाईंना पुआन. मोठ्या माणसाला ‘कामू’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे अनोळखी काकांना अरे-तुरे करणं. ‘नामा’ आपलाच, संस्कृतातून गेलेला. क्रम मात्र उलटा. माझं नाव म्हणजे ‘नामा साया’, अक्षरशः ‘नाव माझं’. हे घर म्हणजे ‘रुमाह इनी’. नाम आधी, ‘माझं’, ‘हे’ असे शब्द मागून. बोलताना सर्वांत जास्त अडखळायला होतं ते इथेच, म्हणून हा क्रम घोकूनच ठेव.

‘बिला’ म्हणजे केव्हा. घड्याळातली वेळ हवी असेल तर ‘पूकूल बरापा?’ बरापा म्हणजे किती. खाणावळीत ‘बरापा ओराङ?’ म्हणजे किती जण. दोघं असाल तर ‘दुआ ओराङ’. लिहिताना ‘बोलेहकाह’ असा ‘काह’ जोडलेला दिसेल, तो औपचारिक. बाजारात ताक्‌च बरा.

भाव विचारायचा तर ‘बरापा हार्गा इनी?’ (हार्गा म्हणजे किंमत, मूळ संस्कृत ‘अर्घ’), आणि घासाघीस करायची तर ‘बोलेह कुराङ सिकीत ताक्?’ म्हणजे थोडं कमी होईल का? आवाज खाली ठेव आणि आधी ‘काकाक्’ (ताई) किंवा ‘आबाङ’ (दादा) म्हण.

तुझाच,
श्रीरंग