घराला वाकळ

लीड्स (इंग्लंड), रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, घराची ऊब आत राहावी म्हणून भिंतींत आणि माळ्यावर काय भरून घेतलं, ते फोनवर तुम्ही "नीट लिहून पाठव" म्हणालात, म्हणून हे पत्र. आणि आधी तुमचं देणं देऊन टाकते. मागच्या वेळी आला होतात तेव्हा दुसऱ्याच दिवशी फुटपाथवर उभे राहून तुम्ही म्हणाला होतात, "सगळ्या विटा लांबड्या लावल्यात, एक हेडर, म्हणजे भिंतीत आत आडवी घुसवलेली वीट, दिसत नाही. भिंत दुपदरी आहे, मधे पोकळी असणार." मी "असेल हो" म्हणून तुम्हाला चहाला आत ओढलं. ऑक्टोबरात कामगाराने सांध्यात भोक पाडून आत कॅमेरा सरकवला: दोन इंच पोकळी, पूर्ण रिकामी. पीडब्ल्यूडीतली तीस वर्षं वाया गेली नाहीत. माझे मात्र दोन हिवाळे गेले.

१९३० च्या सुमाराची इथली घरं अशीच आहेत. पावसाची ओल आतल्या भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून मधे पोकळी ठेवलेली. पण त्या पोकळीत हवा खेळते आणि घरातली ऊब घेऊन जाते. काहीच न केलेल्या घरातली साधारण एक तृतीयांश ऊब भिंतींतून जाते, पाव हिस्सा छपरातून. आई, पोटात कापसाचा थर नसलेली गोधडी पांघरावी तसं.

भिंतींचं काम तीन तासांत आटोपलं. विटांच्या सांध्यांत बोटभर जाडीची भोकं, आणि त्यातून थर्माकोलचे बारीक मणी डिंकासकट फुंकले. भोकं त्याच रंगाच्या मसाल्याने बुजवली. तुम्ही शोधलीत तर सापडतील, मला सापडत नाहीत. त्याआधी पश्चिमेच्या भिंतीचं पॉइंटिंग, म्हणजे सांध्यांत नवा मसाला भरण्याचं काम, मी करून घेतलं, कारण सांधे फुटके असताना पोकळी भरली तर पाऊस त्या मण्यांवरून आत यायचा. या कामावर मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे, तेवढाच दिलासा.

पोटमाळा आम्ही दोघांनीच केला. आधीची काचलोकर (काचेच्या तंतूंचा मऊ थर) दबून चार इंच उरली होती. तिच्यावर तुळयांना आडवे नवे रोल अंथरले, सगळं मिळून २७० मिलिमीटर. बाबा, छपराच्या कडेला हवेची फट मोकळी सोडली आहे, नाहीतर लाकूड कुजतं. आणि पाण्याच्या टाकीखाली काही घातलेलं नाही, खालची ऊब तिला लागली नाही तर ती गोठेल. एकदा पाय तुळईवरून निसटला आणि खालच्या बेडरूमच्या छताला बारीक तडा गेला. त्यावर रंग देऊन झालाय, तरी नजर जातेच. खाज मात्र विचारू नका. मास्क, हातमोजे, सगळं होतं, तरी दोन दिवस खाजकुयली लागल्यासारखे अंग खाजवत होतो.

दारावर एक माणूस छपराला आतून फोम मारून देतो म्हणून आला होता, "आजच सही केलीत तर निम्म्या पैशात." मी चहासुद्धा विचारला नाही. असा फोम मारलेल्या घरावर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत.

गेल्या जानेवारीत गॅसची अडीच हजाराच्या आसपास युनिटं जळली होती, यंदा सतराशे. यंदा थंडीही जरा कमी होती, त्यामुळे सगळं श्रेय मण्यांना देत नाही. भिंत आणि माळा मिळून गेलेले पैसे सुटायला पाच-सहा वर्षं लागतील. पण सकाळी उठल्यावर भिंतीला हात लावला तर आता हात मागे येत नाही.

आई, तुला आठवतं ना, तू शाल, माकडटोपी घालून रेडिएटरला पाठ लावून बसायचीस. एकदा मुकाट्याने थर्मोस्टॅटचा काटा वीसवर नेलास आणि मी बिलावरून तुला बोलले. तू काही म्हणाली नाहीस, मोजे चढवलेस. ते मोजे अजून डोळ्यांसमोर आहेत. आता काटा एकोणिसावर असतो, आणि तू तो कितीही फिरव.

डिसेंबरची तिकिटं बघते आहे. या वेळी वाकळ आणू नकोस, चार किलो वजन वाचेल. त्यात मेतकूट आण, आणि बाबांचा मेजरिंग टेप. ते मागणारच.

तुमची,
छकुली