आप्पांच्या जावाचं झाकण

पुणे,
मृगाच्या आदल्या दिवशी

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर नीट बोलणं झालं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं तर तू अर्धं वाचणार नि उरलेलं नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारणार. म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं. लांबेल, पण वाच. आप्पांच्या जुन्या जावा मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण गळतंय, त्याच्या आतलं वायसर, म्हणजे ती रबरी चकती, पावसाच्या आधी बदललीच पाहिजे.

फोटो बघितले. झाकणाच्या डाव्या अंगानं टाकीवरच्या गुडघे टेकायच्या रबरापर्यंत जो तपकिरी ओघळ आलाय, तो गंज नाही. बोट फिरवून बघ, चिकट लागेल. जावाच्या पेट्रोलात ऑईल मिसळलेलं असतं. झाकणाखालून झिरपलं की पेट्रोल उडून जातं, ऑईल मागं राहतं, आणि त्याच्यावर आपल्याकडची धूळ येऊन बसते. ते रॉकेलच्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसलं की निघेल. घासू मात्र नकोस. खाली तो जुना मरून रंग आणि सोनेरी रेघ अजून शाबूत दिसतेय, आणि तसली रेघ ओढणारा हात आता शोधून सापडायचा नाही. ओघळ डावीकडेच आहे, कारण आप्पांनी मागनं बसवून घेतलेल्या साइड स्टँडवर गाडी डावीकडं कलते. म्हणजे टाकी काठोकाठ भरून गाडी स्टँडवर लावली, की पेट्रोल बरोबर तिथं जाऊन टेकतं.

तू म्हणालास, दहा रुपयांचं वायसर, त्याला एवढा काय विचार करायचा. विचार करायचा तो गळतीसाठी नव्हे. चार थेंब पेट्रोल गेलं तर वास येईल, काकू ओरडतील, एवढंच. खरी भानगड उलट्या दिशेची आहे. ज्या फटीतनं पेट्रोल बाहेर येतं, त्याच फटीतनं पावसाचं पाणी आत जातं. जावाचं झाकण टाकीच्या माथ्यावर, आभाळाकडं तोंड करून बसलेलं. तुझ्या शेडचा पत्रा कुठं गळतो ते तुलाच ठाऊक.

आप्पांच्या काळात पाणी गेलं तर ते तळाशी बसायचं, कार्बोरेटरमध्ये आलं की गाडी फट्फट् करून बंद पडायची, टाकी रिकामी करून पुसली की झालं. आता पेट्रोलात इथेनॉल आहे. २०२२ च्या जूनमध्ये देशात दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२३ पासून वीस टक्केवालं पंपावर यायला लागलं, आणि आता तू जवळजवळ कुठल्याही पंपावर गेलास तरी तेच मिळणार. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तोवर ते पेट्रोलात विरघळून राहतं, इंजिनात जळून जातं, तुला कळतसुद्धा नाही. पण पाणी जास्त झालं की इथेनॉल त्या पाण्याला घेऊन पेट्रोलापासून फुटतं आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. आता बघ. चार चाकी गाडीत हे झालं तर इंजिन खोकेल, बंद पडेल. आपल्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला मिळणारं ऑईल सगळं पेट्रोलातनंच येतं, आणि ऑईल वरच्या पेट्रोलाबरोबर वरच राहतं. तळाच्या त्या पाणीदार थरात ऑईल जवळजवळ नसतंच. तू पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला लावलास की तळाचं तेच आधी खाली उतरणार. त्यातनंही गाडी थोडी धावली, तर पिस्टन कोरडा चालणार. जाम झालेला पिस्टन, बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन आणि तो शोधायची वणवण, या सगळ्याचा खर्च तुझ्या दहा रुपयांच्या वायसरशी ताडून बघ.

गंमत अशी की यात तुझाही हात आहे लेका. तुमच्या कारखान्याची मळी डिस्टिलरीत जाते, तिथनं इथेनॉल होऊन आप्पांच्याच गाडीच्या टाकीत परत येतं. आयुष्यभर उसाच्या नोंदी घेत त्याच गाडीवरनं हिंडलेल्या चिटबॉयच्या गाडीला ऊसच बाधावा! उसाचा दर निघतोय तोवर तू तक्रार करणार नाहीस हे मला माहीत आहे. करूही नकोस. वायसर बदल.

आता कुठलं घालायचं. इथं तू मुळीच हौशी लोकांच्या नादी लागू नकोस. तुला कोणीतरी सांगणार, मैसूरचा ओरिजिनल माल मिळतो, कंपनीच्या पाकिटातला. इथल्या जुन्या बाजारात बुधवारी नि रविवारी अशी पाकिटं मांडून लोक बसतात, आणि मलाही ती हातात घेऊन बघायला आवडतात. पण जावाचा मैसूरचा कारखाना १९६१ ला सुरू झाला आणि १९९६ ला बंद पडला. म्हणजे पाकीट अगदी खरं असलं तरी आतलं रबर किमान तीस वर्षांचं. रबर नुसतं ठेवूनही म्हातारं होतं. मागं मी असंच एक पाकीट आणलं. बाहेरनं काळं कुळकुळीत, तुकतुकीत. दोन बोटांत धरून वाकवलं तर वाकलेल्या जागी बारीक बारीक चिरा उघडल्या, नखानं दाबलं तर खूण उठेना. ते आता शोकेसमध्ये आहे, आणि तिथंच बरं दिसतं. शिवाय ते नवं असतानाही आजच्या पेट्रोलासाठी केलेलं नव्हतं. हेडलाइट, स्पीडोमीटर, खिळ्यासारखी ती दाबायची चावी, हे सगळं ओरिजिनल ठेव, त्यासाठी वाट्टेल तेवढा हट्ट कर. जे रबर डोळ्याला दिसतही नाही त्याच्याबाबत ओरिजिनलचा आग्रह धरण्यात मला काडीचा अर्थ वाटत नाही. २०१८ पासून ज्या नव्या जावा निघाल्या, त्यांच्या झाकणाचं सामानही आपल्याला लागत नाही. तिकडं चकरा मारू नकोस.

कॉर्कचं नको. ओलं असतं तोवर ते फुगून बसतं, गाडी महिनाभर उभी राहिली की वाळून आक्रसतं, आणि तुझी गाडी तर महिना महिना उभीच असते. सायकलच्या ट्यूबचं कापून तर अजिबात घालू नकोस, ते तेलातल्या पापडासारखं फुगतं. सिलिकॉनचा तो लाल गोंदही पेट्रोलात टिकत नाही. मऊ होतो, त्याचे कपटे सुटतात आणि थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. साधं नायट्राईल, म्हणजे दुकानात ‘ऑईल रबर’ म्हणून देतात ते, जुन्या पेट्रोलाला चाललं असतं. इथेनॉलवाल्यात ते आधी फुगतं, मग गाडी उभी राहून वाळलं की कडक होऊन आकसतं. तुझं आत्ताचं वायसर बहुधा तसंच मेलंय.

व्हायटन नावाचं रबर घे. महाग आहे, पण तळहाताएवढा तुकडा पुरतो. सांगलीला ओ-रिंग आणि ऑईल सीलच्या दुकानात शीट मिळेल. नाही मिळाली तर मी इथनं नाना पेठेतनं घेतो. फक्त व्हायटनच्या नावाखाली साधं काळं रबर गळ्यात मारणारे आहेत. हातात घेतलं की खरं व्हायटन त्याच मापाच्या साध्या रबरापेक्षा चांगलंच जड लागतं, पण हाताच्या अंदाजावर विसंबू नकोस. दोन्हींचा एकेक कपटा काप, व्हर्नियरनं जाडी मोजून काचेच्या बरणीत, पंपावरच्याच पेट्रोलात टाकून ठेव. बरणीचं झाकण घट्ट लाव, ती घराबाहेर ठेव. आठवड्यानं काढ नि परत मोज. जो फुगला तो साधा, दुकानदार काहीही म्हणो. एक मात्र सांभाळ, कोणी ‘जाळून बघ’ म्हटलं तर ऐकू नकोस. व्हायटनचा धूर फार विषारी असतो.

माप घेताना जुन्या वायसरची जाडी धरू नकोस. ते वर्षानुवर्षं दाबून चेपलेलं आहे. झाकण आतनं पुसून घेतलंस की वायसर बसायची खोबण स्वच्छ दिसेल. तिची खोली, आतला व्यास, बाहेरचा व्यास मोज. वायसर खोबणीबाहेर एवढंच डोकावलं पाहिजे, की झाकण पाव आट्यानं फिरवताना हाताला दाब जाणवावा, पण पकड घ्यावी लागू नये. फार जाड झालं तर झाकणाचे कान खाचेत बसत नाहीत, आणि माणूस जोर करून ते वाकवून ठेवतो. मग सगळंच गेलं.

जुनं काढायला टोकदार काही वापरू नकोस. बांबूची कामटी तासून घे, पत्र्याच्या पाकळीखालनं सरकव आणि हळूहळू गोल फिरव. माझ्या वेळी ते अखंड निघालं नाही, मेणासारखे तुकडे पडले, आणि खोबणीत काळा थर राहिला तो रॉकेलात भिजवून ठेवावा लागला. नवं चढवताना ताणलं जाईना तर कढत पाण्यात पाच मिनिटं टाक, मऊ येतं.

एवढं करून झाकण लावलंस, तरी गळू शकतं, कारण दोष नुसत्या वायसरचा नसून टाकीच्या तोंडाचाही असू शकतो. पंपावरची पोरं नळी आपटतात, तिथं काठ दबतो. हे ओळखायला वहिनींच्या डबीतलं चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालव, बोटानं टाकीच्या काठावर पातळ फिरव, झाकण लावून परत काढ. वायसरवर लाल गोल पूर्ण उमटला तर काठ सरळ आहे. जिथं तुटला तिथं खळगा. बारीक असेल तर लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून काठ एकसारखा करता येतो, मात्र तोंडात आधी फडका कोंब, नाहीतर कीस टाकीत जाईल. खोल असेल तर हात लावू नकोस, मला दाखव. आणि कोणी ‘झाळून देतो’ म्हटलं तर त्याला गाडीच्या जवळही फिरकू देऊ नकोस. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे गॅरेजवाले हमखास विसरतात. झाकणाला हवा आत घेणारं एक बारीक छिद्र आहे. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरनं आत यावी लागते. नवं वायसर बाहेर जास्त पसरलं, किंवा छिद्रात तोच ऑईलचा चिकटा नि धूळ साठली, तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल अडतं. गाडी घरनं झोकात निघते, काही किलोमीटरवर पेट्रोल संपल्यासारखी मरते, तू खाली उतरून झाकण उघडतोस, फुस्स आवाज येतो, आणि किकला सुरू! मग लोक प्लग बदलतात, पॉइंट घासतात, कार्बोरेटर खोलून जेटमध्ये तार घालतात, आणि दोष झाकणातच असतो. वायसर बसवलं की पुसलेलं झाकण तोंडाशी धरून छिद्रातनं फुंकून बघ. हवा हलकेच गेली पाहिजे. अडत असेल तर गिटारची बारीक तार घाल. ड्रिल लावून छिद्र मोठं करू नकोस, नाहीतर प्रत्येक ब्रेकला पेट्रोल उसळून तिथनंच बाहेर येईल आणि तू परत वायसरला शिव्या देशील.

व्हिंटेज नोंदणीचं तू विचारलंस. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर घेता येतो, नव्या नोंदणीला वीस हजार फी. पण तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुला तर ती घेऊन मळ्यात जायचंय. मला विचारशील तर त्या नंबराच्या मागं लागू नकोस. आहेत ते जुने कागद जिवंत ठेव.

टाकी आधी पूर्ण रिकामी कर, तळाचं वेगळ्या बाटलीत काढ आणि तासभर ठेवून दोन थर दिसतात का बघ. दिसले तर ते गाडीत परत घालू नकोस, मला फोटो पाठव. खोबणीची तिन्ही मापंही त्याच्याबरोबर पाठव, म्हणजे मी शीट इथनंच कापून आणीन. आषाढीच्या आधीच्या शनिवारी येतोय.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, कुंकवाची डबी मी नवी आणून देतो.

तुझा,
शऱ्या

ता. क. हे काम गोठ्यातल्या बल्बाखाली रात्री करत बसू नकोस. दिवसा, अंगणात, आणि तुझ्या त्या बिडीवाल्या गड्याला तेवढा वेळ बांधावर पाठव.