बाबा, टाक माझ्याकडे नकोत

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, यंदाच्या चंपाषष्ठीनंतर देवघर माझ्याकडे द्यायचं तुम्ही ठरवलं आहे, हे आईने परवा फोनवर सांगितलं. तुम्हाला आता पाटावर बसवत नाही, आईला सोवळ्यातला स्वयंपाक झेपत नाही, हे मला दिसतं. कुलदैवतांच्या प्रतिमांचे टाक मुलीकडे जात नाहीत, ते पुतण्याकडेच गेले पाहिजेत, असं काका आणि आत्या दोघंही म्हणत होते. तुम्ही त्यांना सांगितलंत की माझं जे काही आहे ते माझ्या मुलीचं आहे, त्यात देवही आले. आपल्या घराण्यात असं आजवर कोणी बोललेलं नाही. तुम्ही काय देऊ करताय त्याचं मोल मला कळतं, आणि म्हणूनच ते खोटेपणाने हातात घ्यायचं माझ्याने होणार नाही. मी देव मानत नाही. बऱ्याच वर्षांपासून मानत नाही. मी नास्तिक आहे.

कोथरूडहून नारायण पेठेत यायला असा काय वेळ लागतो. पण समोरासमोर हा विषय निघाला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आईचे डोळे भरून येतात, तुम्ही चष्मा पुसत आतल्या खोलीत जाता, मी चहाचं आधण ठेवते आणि बोलणं तिथेच थांबतं. पत्र तुम्ही सावकाश वाचाल, दोनदा वाचाल, म्हणून लिहिते आहे.

आई, आधी तुझी शंका. तुला वाटतं, माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हापासून मी देवावर रुसले आहे आणि कधीतरी हा रुसवा जाईल. तसं नाही गं. माझी श्रद्धा त्याच्याही आधी गेली होती. तू नवस बोललीस तेव्हा तुला बरं वाटावं म्हणून मी गप्प राहिले. त्या दिवसांत भेटायला आलेल्या एका बाईंनी मागच्या जन्मीचं काहीतरी असेल असं मला ऐकवलं होतं, आठवतं? त्याच आठवड्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं की सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ राहत नाही त्याचं सगळ्यात मोठं कारण गुणसूत्रांची जुळणी बिघडणं हे असतं, आणि ती कोणाच्या वागण्याने बिघडत नाही. मला त्या ऐकण्याने जी शांती मिळाली ती कुठल्याही प्रार्थनेने मिळाली नसती. मला कोणी शिक्षा दिलेली नव्हती. मी कोणाचं काही बिघडवलेलं नव्हतं. आणि रात्र रात्र तू माझ्या उशाशी बसून होतीस, माझ्या केसांना तेल लावत होतीस. मला आधार होता तो तुझा.

मग श्रद्धा गेली कशी? एका दिवसात नाही. भूशास्त्र शिकायला लागले तेव्हा पहिल्यांदा कळलं की एखादी गोष्ट 'माहीत आहे' असं म्हणायला काय लागतं. आपली पर्वती, वेताळ टेकडी, पाताळेश्वराची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली तो पाषाण, हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्हाचं आहे. हे मी कोणी मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मानत नाही. दगडातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचा क्षय मोजून वय काढता येतं, दुसरा माणूस तेच मोजून मला खोटं ठरवू शकतो, आणि मी खोटी ठरले तर मला माझं म्हणणं सोडावं लागतं. ही सवय अंगात मुरली आणि मी एकदा स्वतःला विचारलं, काय घडलं तर मी म्हणेन की देव नाही? मागितलेलं मिळालं तर त्याची कृपा, नाही मिळालं तर त्याची परीक्षा, उलटंच झालं तर प्रारब्ध. काहीही घडलं तरी उत्तर 'आहे' असंच यावं, अशी मी सोय करून ठेवली होती. बाबा, तुम्ही गणिताच्या वहीत असं उत्तर चालवून घेतलं नसतंत.

तरी पुढे बरीच वर्षं मी ऋषिपंचमीला पहाटे आईबरोबर दगडूशेठसमोर अथर्वशीर्षाला बसत होते. हजारो बायकांचा तो एकसुरातला आवाज अंगावर काटा आणतो, आजही आणतो. माझा देवावरचा उरलासुरला विश्वास संपला तो माळीणला.

३० जुलै २०१४ ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं आणि दीडशेच्या वर माणसं गेली. नेहमीच्या एस.टी.च्या चालकाला दिसलं की गाव जागेवर नाही, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला खबर लागली. काही दिवसांनी आमच्या सरांबरोबर मीही तिथे गेले होते. घरी येऊन मी तुम्हाला फक्त पावसाचं सांगितलं. उतारावरची झिजलेली माती पाणी पिऊन जड होते, खालच्या खडकावरची तिची पकड सुटते आणि सगळा उतार एकदम खाली येतो, हे मला तिथे उभं राहून कळत होतं. ढिगाऱ्यातून एक आई आणि तिचं तान्हं बाळ जिवंत निघाले होते. सगळीकडे एकच बोललं जात होतं, देव तारी त्याला कोण मारी. मलाही त्या बाळासाठी रडू आलं. पण माझ्या समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांचं घरातलं कोणीच उरलं नव्हतं, आणि हे वाक्य त्यांच्याही कानावर पडत होतं. ज्याने त्या बाळाला तारलं, त्याने यांच्या नातवंडांचं काय केलं? त्यांच्या देव्हाऱ्यातही दिवा लागत होता. यावर जी जी उत्तरं मला लहानपणापासून माहीत होती ती मी मनातल्या मनात त्या माणसाला सांगून पाहिली. एकही उत्तर त्यांच्या तोंडावर सांगण्याजोगं नव्हतं. डोंगराचं उत्तर मात्र सांगता येण्याजोगं होतं, आणि त्यातून पुढचं गाव वाचवण्यासाठी काहीतरी करताही येण्याजोगं होतं. तेव्हापासून मी हात जोडते ते तुमच्यासमोर, देवासमोर नाही.

बाबा, तुमचं म्हणणं मला आत्ताच ऐकू येतंय. देव न मानणारा चार्वाक आपलाच, सांख्यांचं आणि मीमांसकांचंही ईश्वरावाचून अडलं नाही, मग आपल्या धर्मात तुझीही जागा आहे, वेगळं काय व्हायचंय? ही परंपरा माझी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण चार्वाकाचा आधार घेऊन मी खंडोबाच्या टाकावर भंडारा वाहिला, तर मी त्याच्याशीही खोटं वागले आणि तुमच्याशीही. आगरकर मला तुम्हीच शिकवलेत. स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहावी लागलेला माणूस, हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. जे पटलं ते बोलायचं आणि बोललं तसं वागायचं, हे मी तुमच्या तोंडून इतक्या लहानपणी ऐकलं आहे की आता त्यातून सुटका नाही.

आणि आई, तुझी भीती. 'घरात काय ते बोल, बाहेर बोलू नकोस,' हे तू का म्हणतेस ते मला कळतं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा बाबा त्याच वाटेने फिरायला जायचे. त्यानंतर कितीतरी दिवस तू त्यांना एकटं जाऊ दिलं नव्हतंस. दाभोलकर तर कोणाला देव सोडायलाही सांगत नव्हते, देवाच्या नावाने होणारी लुबाडणूक थांबवा म्हणत होते. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं घालवली त्याचा वटहुकूम त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांत निघाला. गोळ्या घालणाऱ्या दोघांना जन्मठेप व्हायला मात्र मे २०२४ उजाडावा लागला. तुझी भीती खोटी नाही. पण मी सभा घेत नाही, कोणाच्या घरी जाऊन वाद घालत नाही. कोणी विचारलं तर खरं सांगते. एवढं मला करू दे.

आता देवघराचं. तुम्ही दोघं आहात तोवर ते हलवूच नये असं मला वाटतं. मी सुताराशी बोलले आहे. देव्हारा खुर्चीच्या उंचीवर घेतला तर बाबांना बसून पूजा करता येईल, खाली वाकायला नको. रोजचं जमत नसेल तर गुरुजी लावू, त्याचे पैसे मी देईन. पुढे टाक साताऱ्याच्या चुलत दादाकडे जाऊ देत. तो मनापासून करेल, वहिनींनाही हौस आहे. मुलगी म्हणून माझा हक्क तुम्ही मान्य केलात, तो मला पोहोचला. चंपाषष्ठीला मी येईन, भरिताची वांगी भाजेन, रोडगे थापेन. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या आईबरोबर निवडेन, चिरेन. आरतीला तुमच्या मागे उभी राहीन, पण ताम्हन माझ्या हाती देऊ नका, संकल्प माझ्या नावाने सोडू नका. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठेत जाऊन वारकऱ्यांचे पाय दाबायला मी आजही जाते, पुढेही जाईन. त्या पायांना पडलेल्या भेगा मला दिसतात आणि तेवढं कारण मला पुरतं.

'आम्ही गेल्यावर आमचं कोण करणार?' हे आई विचारणार. मी करणार. वैकुंठ स्मशानभूमीत काय, दहाव्याला काय, तेराव्याला कोणाला बोलवायचं, जे तुम्हाला हवं ते लिहून ठेवा. ते मी तसंच करेन, कारण ती तुमची इच्छा असेल. माझ्यापुरतं मी देहदानाचा अर्ज भरला आहे. हे वाचून रडू नकोस. वैद्यकीय महाविद्यालयातली पोरं त्यावर शिकतील, याचा मला खरोखर आनंद आहे.

एकच मागणं आहे, चिमीबद्दल. तिला ध्रुवाची, प्रल्हादाची, जनाबाईची गोष्ट सांगा, स्तोत्रं शिकवा, देवळात न्या. तिची वाणी स्वच्छ होते आहे ती तुमच्यामुळे. फक्त 'असं केलंस तर देव शिक्षा करेल' हे तिला सांगू नका. गेल्या महिन्यात ताप भरला तेव्हा ती मला विचारत होती की मी काय चुकले. तिला मी सांगितलं आहे की आजी-आजोबा देव मानतात, आई मानत नाही, तू मोठी झालीस की विचार करून ठरव. तिने हे तुम्हाला विचारलं तर तुम्हीही तिला एवढंच सांगाल ना?

तुमची,
मनू