वॉशिंग्टन आडनावाचे मूळ गाव

'वॉशिंग्टन' म्हटले की आपल्याला अमेरिकाच आठवते. पण हे मुळात इंग्लंडच्या जुन्या डरहॅम परगण्यातल्या एका गावाचे नाव. १२व्या शतकात हर्टबर्नच्या विल्यम नावाच्या सरदाराला तिथली जहागीर मिळाली आणि त्याने गावाचेच नाव लावले, आपल्याकडे 'कर' लावतात तसे. पुढे एक शाखा लँकेशायरमधल्या वॉर्टनला गेली. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर घराण्याचे चिन्ह दगडात कोरले होते : वर तीन तारे, खाली दोन पट्टे. लोकरीचा व्यापारी लॉरेन्स याने १५३९ मध्ये नॉर्थम्प्टनशायरमधली सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली. त्याच्या वंशातला जॉन १६५६-५७ च्या सुमारास व्हर्जिनियात उतरला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

मला मोलाची वाटते ती पुढची कथा. जॉर्जला स्वतःचे मूल नव्हते. तरी २००० च्या जनगणनेत अमेरिकेत हे आडनाव लावणारे सुमारे १ लाख ६३ हजार लोक होते आणि त्यांतले जवळपास ९० टक्के कृष्णवर्णीय. ही सगळी नावे गुलामांच्या मालकांनी लादलेली, असे आपण सहज धरून चालतो. ते बरोबर नाही. पुढे नामवंत कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ झालेला बुकर टी. वॉशिंग्टन गुलामीतून सुटून शाळेत गेला, तेव्हा हजेरीत बाकीच्या मुलांची दोन-दोन नावे, याचे एकच. सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. मास्तरांनी पूर्ण नाव विचारताच त्याने शांतपणे सांगितले, 'बुकर वॉशिंग्टन'.

– एक वाचक, सातारा