मुलांचे सुजलेले मनगट चोळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीला पतंग उडवण्याच्या, दिवसांत बडोद्यात गच्चीवर, जिन्यात मुले पडतात आणि मनगट नाहीतर कोपर सुजते. ‘बोटे हलतायत ना, मग हाड शाबूत आहे’ असे म्हणून घरी तेल लावून चोळतात, किंवा हाडवैद्याकडे नेऊन हात ओढून घेतात. मनगट मोडले तरी बोटे हलतात. शिवाय वाढत्या वयात नेमकी जिथे इजा होते, तिथे जोर लावणे फार धोक्याचे आहे.

लांब हाड मधून वाढत नाही, टोकांपाशी वाढते. तिथे कूर्चेची पातळ चकती असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिच्यातल्या पेशी सांध्याकडच्या बाजूला विभागतात, रांगा धरतात, मग फुगतात. त्यांच्यामधल्या भिंतींत कॅल्शियम साचते, पेशी मरतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि उरलेल्या सांगाड्यावर नवे हाड रचले जाते. फुगलेल्या पेशींचा थर सर्वांत दुबळा. सांध्याचे अस्थिबंध त्याहून बळकट असल्यामुळे, ज्या धक्क्याने मोठ्यांना लचक भरते त्याच धक्क्याने मुलांची ही चकती फाटू शकते. मुलींत साधारण 14-15 आणि मुलांत 16-17 वर्षांच्या सुमारास ती हाडात विरून जाते.

कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या हाडाची सुमारे 75 ते 80 टक्के वाढ मनगटापाशीच होते. म्हणून नवव्या वर्षीची इजा पंधराव्या वर्षीच्या इजेपेक्षा गंभीर. चकतीत तिच्या दोन्ही बाजूंना सांधणारा हाडाचा पूल तयार झाला तर ते हाड आखूड राहते, शेजारचे वाढत जाते आणि मनगट वाकडे होते.

कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी 1963 साली या इजांचे पाच प्रकार मांडले. पाचव्यात चकती चिरडते, पण सुरुवातीचा एक्स-रे बहुधा साफ असतो. तेव्हा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी सांध्याजवळ हाडावर बोट दाबून दुखत असेल, तर हात स्थिर बांधून ठेवावा आणि 7 ते 10 दिवसांनी पुन्हा तपासावे. हाड सरकले असेल तर ते भूल देऊन, हलक्या हाताने, पहिल्या काही दिवसांतच बसवायचे असते. आठवड्यानंतर जोराने ओढले की चकतीच दुखावते.

पडल्याबरोबर कडे, अंगठी, दोरा काढा. सूज चढल्यावर निघत नाहीत. जाड पुठ्ठा घडी करून बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत सैल बांधा आणि हात झोळीत ठेवा. हात वाकडा दिसत असेल तर खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

बांबूच्या कामट्या आवळून बांधण्याची भीती आम्हाला सर्वांत जास्त वाटते, विशेषतः कोपराला. बोटे सरळ करताना मूल कळवळले, मुंग्या आल्या किंवा बोटे पांढरी पडली तर बांधलेले सगळे तत्क्षणी कापा आणि रुग्णालय गाठा. रक्त पोहोचले नाही तर सहा-आठ तासांत हाताचे स्नायू कायमचे मरतात. कोपर चोळल्यामुळे स्नायूंत हाड धरण्याचा धोका निराळाच.

प्लास्टर तीन-चार ते सहा आठवड्यांत निघते, मूल खेळायला लागते आणि पालक परत येत नाहीत. चकतीला इजा झाली असेल तर सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून घ्याच. पूल लवकर सापडला आणि वाढीची किमान दोन वर्षे शिल्लक असली, तर तो लहान असताना शस्त्रक्रियेने काढता येतो.

मुलांच्या हाडांवर उपचार करणारे काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट,
दांडिया बाजार, बडोदे