निर्लेखनाच्या यादीतील रहस्यकथा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मराठी माणसाचे वाचन आटले याचे खापर आपल्या एका वाचकाने गेल्या रविवारी प्रसिद्ध झालेल्या पत्रात जुन्या रहस्यकथांवर आणि 'सवंग' प्रणयकथांवर फोडले आहे. या पुस्तकांनी वाचकांना चटक लावली आणि चांगल्या साहित्याची भूक मारली, असे त्यांचे म्हणणे आहे. एरवी मी ते वाचून सोडून दिले असते. परंतु त्याच आठवड्यात दादरमधील ज्या ग्रंथालयाची मी १९७४ पासून सभासद आहे, तेथे जिन्याखाली सुतळीने तोंड बांधलेली सात पोती दिसली. चौकशी केली तेव्हा देवघेव विभागातील गृहस्थांनी सांगितले की, ही निर्लेखित, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदीतून कमी केलेली, पुस्तके असून शनिवारी रद्दीवाला येणार आहे. निर्लेखनाच्या यादीत कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शेरा होता, 'जीर्ण व साहित्यमूल्य नसलेली'. रिकाम्या झालेल्या जागी स्पर्धापरीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका होणार आहे. त्या मुलांना घरी अभ्यासाला जागा नसते हे मी शिक्षिका म्हणून तीस वर्षे पाहिले आहे, त्यामुळे अभ्यासिकेला माझा विरोध नाही. माझी तक्रार त्या शेऱ्यातील उत्तरार्धाविषयी आहे.

एक पोते मी उघडायला लावले. हाताला पहिलेच पुस्तक लागले ते खाकी पुठ्ठ्याची बांधणी केलेले, दाभणाने दोनदा शिवलेले आणि कडेला हळदीचा डाग असलेले. मी सवयीने एकविसावे पान उघडले. त्या काळच्या सभासदांना हे सांगावे लागणार नाही, नव्या वाचकांसाठी सांगते. या पुस्तकांच्या नावांत खून, सूड, रहस्य आणि मध्यरात्र हेच चार शब्द आलटूनपालटून येत असल्यामुळे आपण कोणते वाचले आणि कोणते राहिले हे लक्षात राहत नसे. त्यामुळे प्रत्येक जण ठरलेल्या पानावर आपली खूण करून ठेवी आणि पुस्तक घेताना आधी ते पान पाही. आमच्या चाळीत सर्वांचे पान एकविसावे होते. ग्रंथपाल यावरून रागावत, पण खुणा होतच राहत. या पुस्तकाच्या एकविसाव्या पानावर आठ खुणा होत्या. एक स्वस्तिक, दोन त्रिकोण, एक 'कु.', एक 'वा.', दोन नुसत्या फुल्या आणि कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने काढलेली पाच टोकांची चांदणी. ती चांदणी माझ्या आईची.

आई पहाटे चार वाजता चाळीच्या नळाला पाणी येण्याची वाट पाहत, दोन बादल्या आणि एक हंडा रांगेत लावून, जिन्यातील दिव्याखाली ही पुस्तके वाचत असे. वडिलांचे काचेचे कपाट होते. त्यात मान्यवर लेखकांच्या कादंबऱ्यांचे संच होते आणि त्यांतील एकाही पानावर हळदीचा किंवा कसलाच डाग नव्हता. (ते संच आजही माझ्याकडे सुस्थितीत आहेत.) वडील आईच्या वाचनाला 'तुझी ती काळीपहाडी' म्हणत. रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांचा काळापहाड, झुंजार, धनंजय आणि त्याचा छोटू हे सर्व आईच्या लेखी एकाच बिऱ्हाडातील पुरुष होते, आणि त्यांच्या वागण्याविषयी ती शेजारणींशी खऱ्या माणसांविषयी बोलावे तसे बोलत असे. तिला त्यात काय मिळत होते याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर अगदी साधे आहे. जिचे कोणतेच काम कधी संपत नसे, तिला संपणारी गोष्ट हवी असे. रहस्यकथा आज घेतली की उद्या परत करायची, आणि परत करण्यापूर्वी खुनी सापडलेला असायचा. आईच्या दिवसात दुसरे काहीही इतके वेळेवर मिटत नव्हते.

ही पुस्तके उत्तम होती असा दावा मी करणार नाही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांतील पुष्कळ इंग्रजी कथांवर बेतलेल्या होत्या. परवा पोत्यातून घरी आणलेल्या पुस्तकांपैकी दोन मला शेवटपर्यंत वाचवली नाहीत. त्यांतील स्त्रिया दर तिसऱ्या पानावर बेशुद्ध पडतात आणि पोलीस इतके बावळट आहेत की चोराची दया यावी. परंतु यांनी चांगल्या वाचनाची भूक मारली, हे आमच्या घरात तरी घडले नाही. वडिलांच्या कपाटाची किल्ली मी पंधराव्या वर्षी मागितली ती रहस्यकथा संपल्या म्हणून. पुढे अभ्यासात कळले की खुद्द हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी, १८८५ ची 'मधली स्थिती', रेनॉल्ड्स या लंडनच्या लेखकाच्या वळणावर बेतलेली मानली जाते, आणि हा रेनॉल्ड्स म्हणजे त्या काळचा सर्वांत खपाऊ, भडक रहस्ये लिहिणारा लेखक. ज्यांना आपण मराठी सामाजिक कादंबरीचे जनक म्हणतो, त्यांची सुरुवात अशी आहे.

राहिला प्रश्न लाजेचा. मी स्वतः मराठीची शिक्षिका असूनही लोकलमध्ये असली पुस्तके पाठ्यपुस्तकाचे कव्हर घालून वाचत असे. एकदा शेजारच्या बाईंनी कुर्ल्याला उतरता उतरता विचारले, "बाई, नवरा खरंच मेलाय की नाही, तिथवर आलात का?" त्यांनी तेच पुस्तक आदल्या आठवड्यात वाचले होते, कव्हर घालूनच.

या साहित्याची लायकी एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही ठरवली गेली आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील एका कथेवरून प्रणयकथाकार चंद्रकांत काकोडकर यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की, कथा उच्च साहित्यिक दर्जाची नसेल, अपक्व आणि हीन अभिरुचीचीही असेल, परंतु वाचणाऱ्याला बिघडवील असे तिच्यात काही नाही. तो निकाल आजही कायद्याच्या पुस्तकांत सापडतो. ती कथा वाचलेला माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही.

मूळ मुद्दा हाच आहे. ही पुस्तके कोणी विकत घेऊन घरात ठेवली नाहीत. ती भाड्याने आणायची, वाचायची आणि परत करायची पुस्तके होती. काचेच्या कपाटातील ग्रंथ शंभर घरांत सापडतील, पण जे पुस्तक दोनशे जणांनी वाचून फाडले ते एकाच्याही घरी नसते. ते असलेच तर ग्रंथालयात, दाखल क्रमांक आणि शिक्क्यासह. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित झालेल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना, त्यांत मुंबईच्या टाऊन हॉलमधील ग्रंथालयालाही, पाठवणे बंधनकारक आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु वृत्तपत्राच्या कागदावर छापून आठवड्याला नवे पुस्तक बाजारात आणणारे सर्व प्रकाशक ते नेमाने करत असतील असे मानण्याइतकी मी भाबडी नाही. तेव्हा ज्या पुस्तकाच्या देवघेव पत्रिकेवर तारखांना जागा उरली नाही म्हणून दुसरी पत्रिका चिकटवावी लागली, त्याला 'साहित्यमूल्य नसलेले' म्हणून रद्दीत देण्यापूर्वी निदान त्याची दुसरी प्रत शहरात कोठे आहे का, एवढे पाहिले जावे.

कार्यकारिणीला मी लेखी विनंती केली आहे की प्रत्येक लेखकाची काही पुस्तके एका कपाटात वेगळी ठेवावीत. कपाटाचा खर्च मी देईन. उत्तर पुढील सभेनंतर मिळेल असे सांगण्यात आले. तोपर्यंत मी रद्दीच्या भावाने अकरा पुस्तके तोलून घेतली आहेत. उरलेली पोती शनिवारपर्यंत जिन्याखाली आहेत. त्या परिसरातील ज्या वाचकांच्या घरी कोणी एकविसाव्या पानावर खूण करत असे, त्यांनी सायंकाळी पाच ते आठ या वेळेत यावे. पोती उघडून दाखवण्यास देवघेव विभागातील गृहस्थ तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
दादर, मुंबई