आधी दोन रेषा आणि जॉबचा झिरो शिकवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकचे साचे बनवणाऱ्या एका टूलरूममध्ये मी अनेक वर्षांपासून सीएनसी, म्हणजे संगणकीय प्रोग्रामवर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनचे, प्रोग्रामिंग करतो. ठिबक सिंचन आणि पाइप फिटिंग यांच्यामुळे खानदेशात साच्यांचे काम मोठे आहे, आणि त्यासाठी आमच्याकडे येणारी मुले पारोळा, यावल, शिरपूर अशा भागांतून प्रशिक्षण घेऊन येतात. ही मुले कष्टाळू आणि हुशार असतात. तरीही त्यांना जे शिकवले जाते त्यात दोन मूलभूत गोष्टी राहून जातात, त्याकडे आपल्या दैनिकामार्फत प्रशिक्षण संस्थांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिली गोष्ट वायरफ्रेम टूलपाथची, म्हणजे केवळ रेषांवरून काढलेल्या कटरच्या मार्गाची. सॉलिड मॉडेल, म्हणजे वस्तूची पडद्यावरची घन आकृती, तयार करायचे, त्याचे पृष्ठभाग निवडायचे आणि टूलपाथ संगणकाकडून काढून घ्यायचा, एवढेच आता शिकवले जाते. त्यापूर्वीची रूल्ड, स्वेप्ट, रिव्हॉल्व्हड किंवा कून्स ही पद्धत, म्हणजे केवळ दोन-चार रेषा व कंस देऊन त्यांच्यामधला पृष्ठभाग कापण्याची पद्धत, कालबाह्य म्हणून वगळली जाते. ती वगळण्यात मोठे नुकसान आहे असे माझे मत आहे, कारण आमच्या भागातले निम्मे काम या पद्धतीच्या अगदी मापाचे आहे.

६३ मिलिमीटर पाइपच्या एल्बोचा, म्हणजे काटकोनी जोडाचा, साचा घ्या. त्याच्या एका अर्ध्या भागात अर्धवर्तुळाकार चर असतो. दोन्ही टोकांना तो सरळ जातो आणि मध्ये काटकोनात वळतो. सरळ भागासाठी दोन सारखी अर्धवर्तुळे पुरतात, त्यांच्यामध्ये रूल्ड टूलपाथ बसतो. वळणासाठी एक अर्धवर्तुळ आणि एक पाव वर्तुळाचा कंस, म्हणजे स्वेप्ट. कटर वळणाच्या दिशेने फिरवला तर प्रत्येक फेरीत झेड, म्हणजे कटरची उंची, बदलत नाही आणि ती फेरी जी-०२ किंवा जी-०३ या कंसात कापण्याच्या आज्ञेच्या एका ओळीत लिहिता येते. चराचा व्यास ६३ मानला तर अर्धवर्तुळाची लांबी सुमारे ९९ मिलिमीटर भरते; ०.४ मिलिमीटरची पायरी धरली तर अंदाजे २५० फेऱ्या होतात, आणि हे सगळे एका छोट्या मॅक्रोत, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या प्रोग्राममध्येसुद्धा मावते. मॉडेलच्या पृष्ठभागावरून काढलेल्या सरफेस टूलपाथने हेच वळण पुष्कळदा बारीक सरळ तुकड्यांत मोडून येते आणि प्रोग्राम कित्येक हजार ओळींचा होतो. नव्या मशीनला त्याचे काही वाटत नाही. पण आमच्या लहान कारखान्यांत अजून अशी जुनी मशीन चालतात, ज्यांची स्मृती कागदी टेपच्या मीटरमध्ये मोजली जात असे. त्या टेपवर इंचाला १० अक्षरे बसत, म्हणजे ४० मीटर टेपची स्मृती जेमतेम १५,७०० अक्षरांची. तिथे हजारो ओळींचा प्रोग्राम तुकड्यातुकड्याने पाठवत बसावे लागते.

याहून महत्त्वाचे म्हणजे या पद्धतीत मुलाला स्वतः विचार करावा लागतो. १० मिलिमीटरचा बॉल नोज (गोल टोकाचा) कटर आणि ०.४ ची पायरी असेल तर दोन फेऱ्यांमध्ये किती उंच धार शिल्लक राहते, हे त्याने कागदावर काढून पाहावे: पायरीचा वर्ग भागिले कटरच्या त्रिज्येची आठपट, म्हणजे सपाट पृष्ठभागावर चार मायक्रॉन, आणि खोलगट चरात त्याहूनही कमी. पायरी दुप्पट केली की धार चौपट होते. पॉलिशवाल्याच्या हाताला किती काम उरणार, हे ज्याला असे आधीच सांगता येते, त्याच्या हाती साचा निर्धास्तपणे देता येतो.

या पद्धतीच्या मर्यादाही मुलांना सांगितल्या पाहिजेत. दोन्ही रेषांच्या साखळ्या एकाच बाजूने सुरू झाल्या नाहीत, तर टूलपाथ पिळलेल्या दोरीसारखा निघतो. शिवाय शेजारच्या भिंतीत कटर घुसतो आहे का, हे ही पद्धत तपासत नाही. जिथे अनेक पृष्ठभाग एकमेकांना भिडतात तिथे सरफेस किंवा सॉलिडचाच टूलपाथ वापरावा, यात दुमत नाही.

दुसरी गोष्ट वर्क कोऑर्डिनेटची, म्हणजे जॉबचा (कापायच्या ठोकळ्याचा) झिरो, मापे मोजण्याचा आरंभबिंदू, मशीनला सांगण्याची, आणि तिच्याकडे केलेले दुर्लक्ष अधिक महाग पडते. काही काळापूर्वी आमच्याकडे एका नव्या मुलाने दोन बाजूंनी कापायच्या जॉबचा प्रोग्राम केला. दुसऱ्या बाजूसाठी त्याने सॉफ्टवेअरमध्ये नवे प्रतल घेतले. ऑफसेटचा, म्हणजे झिरोच्या नोंदीचा, क्रमांक आपोआप देण्याची सोय चालू असल्यामुळे सॉफ्टवेअरने त्या बाजूला जी-५५ दिला. मशीनवर मात्र त्याने जॉब उलटवून झिरो पुन्हा जी-५४ मध्येच भरला. जी-५५ मध्ये आधीच्या जॉबचे आकडे तसेच पडून होते. सायकल स्टार्ट दाबल्यावर कटर रॅपिडने, म्हणजे न कापता धावण्याच्या वेगाने, थेट जॉब पकडणाऱ्या क्लॅम्पवर गेला. कार्बाइड कटर तुटला, कटर फिरवणाऱ्या स्पिंडलचा रनआउट (फिरतानाचा डगमग) वाढला आणि मशीन दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागले. तो मुलगा रडवेला होऊन एवढेच विचारत होता, ‘काका, प्रोग्राम त बराबर शे, मंग टूल कसं घुसनं?’

त्याचे म्हणणे खरे होते, प्रोग्राम बरोबरच होता. जी-५४ ते जी-५९ हे सहा ऑफसेट म्हणजे मशीनच्या झिरोपासून जॉबच्या झिरोपर्यंतची नोंदलेली अंतरे आहेत, आणि पडद्यावरचा झिरो व टेबलावरचा झिरो यांची गाठ माणसानेच घालायची असते, हे त्याला कोणी मशीनजवळ उभे करून सांगितले नव्हते. दहावीच्या निर्देशक भूमितीत त्याने आरंभबिंदू शिकलेला असतो. तोच आरंभबिंदू लोखंडाच्या ठोकळ्यावर कुठे आहे, हे दाखवायला एक दुपार पुरते. कड शोधण्यासाठी स्पिंडलमध्ये धरायच्या एज फाइंडरचे टोक १० मिलिमीटरचे असेल तर स्पर्शाच्या क्षणी स्पिंडलचा मध्य कडेपासून ५ मिलिमीटर लांब असतो. ते ५ मिळवायचे की वजा करायचे, हे डाव्या आणि उजव्या कडेला वेगळे असते. हे पाठ करून येत नाही, हाताने करावे लागते.

एल्बोच्या साच्यातही हीच गोष्ट पुन्हा समोर येते. साच्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याचे आरशातले प्रतिबिंब असतो. दोन्ही भागांचा झिरो एकाच गाइड पिलरच्या (दोन्ही भाग जुळवणाऱ्या खांबाच्या) भोकावरून घेतला नाही आणि ०.०५ मिलिमीटरचा जरी फरक पडला, तरी फिटिंगच्या जोडरेषेवर तेवढीच पायरी उमटते.

म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि खासगी वर्ग यांना माझी कळकळीची विनंती आहे की मशीनिस्ट आणि सीएनसीच्या प्रशिक्षणार्थींना सॉलिड मॉडेल देण्यापूर्वी किमान एक जॉब रेषा व कंसांवरून कापायला लावावा, आणि त्याचा झिरो प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे घेऊन, ऑफसेटच्या पानावरचे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. पहिली चाल जॉबच्या बरीच वर, सिंगल ब्लॉकवर (एकेका ओळीला थांबत) आणि रॅपिड कमी ठेवून चालवायची, ही सवयही तेव्हाच लावावी. त्यासाठी नवे मशीन लागत नाही. संस्थेत जुने व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे सीएनसी मशीन) असेल तर ते भंगारात न काढता याच कामाला ठेवावे.

एखाद्या संस्थेने बोलावल्यास रविवारी येऊन हा एल्बोचा चर मुलांकडून कापून घेण्यास मी विनामोबदला तयार आहे. लागणारा ठोकळा आणि एज फाइंडर मी सोबत आणीन.

आपला नम्र,
टूलरूममधील एक प्रोग्रामर, जळगाव